उलट्या तुकड्याची चौकशी

कीटक संशोधन केंद्राच्या वार्षिक अहवालात, पान सत्तेचाळीसवर, काही फळमाश्यांच्या गुणसूत्राचा एक तुकडा उलटा असल्याची नोंद होती. वरिष्ठ कार्यालयाने तिची गंभीर दखल घेतली. तपासणी अधिकारी जातीने आले.

"उलटा कोणी केला?" त्यांनी संशोधक बाईंना विचारलं.

"कोणी नाही, साहेब. पिढ्यानपिढ्या तसाच येतोय."

"म्हणजे जुनं प्रकरण. दाबून ठेवलेलं!"

बाईंनी समजावलं. आईबापांकडून आलेली गुणसूत्रं एरवी आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. पण एकाचा तुकडा सुलटा आणि दुसऱ्याचा उलटा असला, तर तिथली अदलाबदल जवळपास थांबते. मग त्या तुकड्यातले गुण एकगठ्ठा पुढच्या पिढीत जातात. या माश्यांत तो गठ्ठा उन्हाळा सोसण्याचा होता. म्हणून तर अकरा वर्षं बाई त्यांना बाटल्यांत जिवापाड जपत होत्या.

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं: 'माश्या देवाणघेवाणीस नकार देतात. गटबाजी.' आठ दिवसांत तुकडा सुलटा करावा, अन्यथा सदर माश्या नष्ट कराव्यात, असा आदेश निघाला.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. बाटल्या धुणाऱ्या मावशी मात्र निवांत होत्या.

"गुणसूत्राचा फोटोच उलटा धरा की," त्या म्हणाल्या. "साहेब कुठे माशीच्या पोटात शिरून बघणारेत?"

आठव्या दिवशी तपासणी समिती आली. तिच्यासमोर बाईंनी फोटो उलटा धरला. तुकडा सुलटा दिसला. समितीने समाधान व्यक्त केलं. मग अध्यक्षांनी उरलेल्या, साध्यासुध्या माश्यांचा फोटो मागवला आणि एकसूत्रता म्हणून तोही तसाच धरायला लावला.

"अहो, या तर आख्ख्याच उलट्या!"

संध्याकाळपर्यंत त्या सगळ्या नष्ट झाल्या. बाई गप्प राहिल्या. त्यांच्या वाचल्या होत्या ना!

आता तुलनेला माशीच उरली नाही, त्यामुळे संशोधनही उरलं नाही. पुढच्या अहवालात 'सर्व माश्या एकसारख्या, तक्रारी शून्य' असं छापून आलं आणि बाईंना उत्कृष्ट सुधारणेचा पुरस्कार जाहीर झाला.

व्यासपीठावर बाईंना राहवलं नाही. त्यांनी सगळं खरंखरं सांगून टाकलं. "मी तोंड उघडलं असतं, तर त्या जगल्या असत्या," त्या म्हणाल्या.

सभागृह खो-खो हसलं. अधिकारी तर डोळे पुसत होते.

त्यांना नावं ठेवू नका. इथवर तुम्ही तरी दुसरं काय करत होतात?