टिपणीस आणि माझी बंदूक

टोकियोजवळच्या उरायासुमधल्या एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर टिपणीस नावाचे गृहस्थ रोज सकाळी सहा वाजता बंदुकीत रवा भरत असत. बारीक रवा. उपम्याचा जाडा रवा नळीत सरळ उतरत नाही, असं त्यांचं अनुभवाचं मत होतं.

आधी एक माप रवा. त्यावर हरभऱ्याचा एक दाणा. मग लांब गज आत घालून तीन ठासे, प्रत्येक ठाशाला मोठ्याने जपानी आकडे, "इची, नी, सान". मग स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवर नेम, एक दीर्घ श्वास, आणि तोंडाने "ढुम्". एवढं झालं की बंदूक उलटी करून रवा परत डब्यात, गळ्यात टाय, आणि ठरलेल्या गाडीने टोकियोतली बँक.

बंदूक त्यांची होती ती कागदोपत्री. खरं पाहिलं तर ती माझी बंदूक होती, आणि हे मी आजही कोणाहीपुढे सांगायला तयार आहे.

मी शेलार. योकोहामात जुन्या शिलाई यंत्रांच्या सुट्या भागांचा धंदा करतो. या देशात आलो तेव्हा दुसऱ्याची खोकी उचलत होतो. आता माझी खोकी दुसरे उचलतात. हे सगळं घासाघीस करून मिळवलं. जपानी माणसाशी घासाघीस चालत नाही म्हणतात. ज्यांना येत नाही ते म्हणतात.

आमच्याकडे एका देवळाच्या आवारात महिन्यातून एकदा जुना बाजार भरतो. २०११च्या मोठ्या भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी तिथे मला ती दिसली. ठासणीची बंदूक. तोड्याची, म्हणजे पेटती वात टेकवून बार काढायची. माझ्या आजोबांकडे गावी ठासणीचीच होती. परवान्याचं काहीतरी राहिलं म्हणून ती पोलीस चौकीत जमा झाली आणि परत आली नाही. आजोबा नंतर नुसता गज घेऊन ओट्यावर बसत. त्यामुळे ही बंदूक पाहिली आणि ती माझीच, असं मी तिथेच ठरवून टाकलं. पण पोटातलं तोंडावर येऊ दिलं तर मी धंदा कसला केला?

पहिल्या महिन्यात मी तिच्या शेजारच्या वाडग्याचा भाव विचारला. दुसऱ्या महिन्यात बंदुकीवरचा गंज दाखवला. तिसऱ्या महिन्यात दुकानदार दातांतून हवा आत ओढायला लागला, म्हणजे नरमला. जपानी माणूस असं करू लागला की पंधरा मिनिटं त्याला एकटं सोडायचं असतं. मी यंत्रातून डब्यातली कॉफी काढायला गेलो.

परत येतो तर टिपणीस कमरेत वाकून, दोन्ही हातांनी, फडक्यात गुंडाळलेलं लांबडं काहीतरी दुकानदाराकडून घेत होते. आणि त्यांना बाजार दाखवायला मीच घेऊन आलो होतो.

"साहेब, हे काय केलंत?"

"घेतली."

"केवढ्याला?"

"ते म्हणाले तेवढ्याला. शेलारशेठ, तुम्ही कॉफीला गेलात. मला वाटलं, तुमचं मन उडालं."

दुकानदार माझ्याकडे बघून हसला. ते हसू मी विसरलेलो नाही.

"तुम्हाला बंदूक कशाला हवी? तुम्ही झुरळ कागदात धरून बाहेर सोडता!"

"हरीण मारायचंय," टिपणीस म्हणाले.

त्यामागे मेथी होती.

टिपणिसांच्या पत्नी नलिनीवहिनींनी बोसोच्या डोंगरात, होशिनो-सान नावाच्या म्हाताऱ्याकडून, जमिनीचा एक तुकडा भाड्याने घेतला होता. तिथे त्या मेथी लावत. उरायासुतल्या यच्चयावत मराठी घरांत हिवाळ्यात त्यांची जुडी जायची. मी योकोहामाहून न्यायला यायचो. मग भूकंप झाला. आमच्या योकोहामात कपाटं पडली, पण उरायासुत जमिनीतूनच चिखल वर आला. रस्ते गेले, नळ गेले. कंपन्यांनी कुटुंबं भारतात पाठवली. वहिनी आणि मुलगी चिखलातून बसपर्यंत चालत गेल्या. वहिनी तर पायातल्या जांभळ्या गमबुटांसकटच विमानात बसल्या. जाताना गमतीने म्हणाल्या होत्या, "मेथी सांभाळा. ती राहिली तर मी परत येते."

गंमत करावी, पण बँकेतल्या माणसाशी करू नये. टिपणिसांनी ती अट धरून ठेवली. दर रविवारी दोन गाड्या आणि एक बस बदलून ते बोसोला जात, वाफे करत, बी पेरत. आणि मेथी वीतभर झाली की हरणं येऊन मुळापर्यंत खाऊन जात. जाळी लावली, हरणांनी जाळीवरून उडी मारली. तरी रविवारी संध्याकाळी पुण्याला वहिनींना मेथीचा फोटो जाई.

"कुठल्या मेथीचा?" मी एकदा विचारलं.

"जुना आहे. हिरवा रंग तोच असतो."

"वर्ष झालं, साहेब. वहिनींना खरं सांगून टाका."

"आधी हरणांचा बंदोबस्त. मग मेथी. मग ती येईल. सगळं रीतसर. घाई कोणाला आहे?"

'रीतसर' आणि 'घाई कोणाला आहे' या दोन शब्दांवर त्या माणसाने आयुष्य काढलं. बंदुकीचंही रीतसर झालं. जपानात जुन्या बंदुकीचा दाखला शिक्षण खात्याकडे असतो. टिपणिसांनी नाव बदलून घेतलं आणि मला कौतुकाने कागद दाखवला. "बघा, शाळेचा दाखला असल्यासारखा आहे." माझी बंदूक, आणि यांच्या नावाचा दाखला!

शिकायला त्यांच्याकडे एक इंग्रजी पुस्तक होतं. भूकंपानंतर बँकेतला एक अमेरिकन देश सोडून गेला, त्याच्या सामानात सापडलेलं. ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार कशी सुरू करावी, नवशिक्यांसाठी, रंगीत चित्रांसह. टिपणिसांनी त्यात पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. पुस्तक म्हणे, दस्ता खांद्याला घट्ट लावा. जपानी बंदुकीला खांद्याला लावायचा दस्ताच नसतो, ती गालाशी धरतात. हे महिनाभर ती खांद्याला लावायचा प्रयत्न करत होते. शेवटी मानेला पट्टा लागला आणि त्यांनी मला फोन केला.

मी गेलो. का गेलो, माहीत नाही. बहुतेक बंदूक हातात घ्यायला मिळेल म्हणून. मला जे येत होतं ते आजोबांचं पाहून येत होतं, ते मी शिकवलं. आधी दारू, मग गोळी, मग गज. दारू पडण्याआधी गोळी गेली तर बंदुकीची काठी झाली समजा. बंदुकीच्या कानात, म्हणजे वात टेकते त्या खळग्यात, चिमूटभर बारीक दारू, तिला रंजक म्हणतात. टिपणीस सगळं वहीत उतरून घेत होते.

"पण सराव कसा करायचा? दारूला परवाना लागतो. तो रीतसर—"

माझं डोकं फिरलं. तीन महिने मेहनत मी केली, बंदूक यांच्या घरात, आणि शिकवणीही मीच द्यायची! "रवा भरा!" मी ओरडलो. "रवा भरा आणि हरभरा ठासा!"

त्यांनी वहीत लिहिलं : रवा. हरभरा.

आठ महिने हा सराव चालला. खालच्या मजल्यावरच्या बाई सकाळच्या ठोक्यांना चटणी कुटणं समजत आणि टिपणीस त्यांना दिवाळीला चटणी नेऊन देत. मग एक दिवस ते रजा काढून, कोट घालून, पोलिसांत शिकारीची परवानगी विचारायला गेले. तिथल्या अधिकाऱ्याने चहा दिला, दाखला पाहिला, बंदुकीची तारीफ केली आणि अतिशय नम्रपणे सांगितलं की ही जुनी वस्तू आहे, जपून ठेवावी, हिने हरीण मारता येत नाही.

"मग आता आधुनिक बंदूक घ्या," मी म्हटलं, "आणि ही मला द्या."

"नको. ही घेतली आहे ना." एवढं बोलून त्यांनी ती फडक्यात गुंडाळून ठेवली. त्या आठवड्यात सराव झाला नाही. खालच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, तब्येत बरी आहे ना.

तोडगा होशिनो-साननी काढला. त्यांच्या गावात देवळाचं बंदूकधाऱ्यांचं पथक होतं. शरदातल्या जत्रेला चिलखतं घालून पाच बार काढायचे, नुसत्या दारूचे, बिनगोळीचे. पूर्वी पथकात वीस माणसं असत. आता पाचवा मिळेना. आणि देवळाचं आवार मेथीच्या वाफ्याच्या अगदी वरच्या अंगाला.

"गोळी नाही," होशिनो-सान म्हणाले, "पण आवाज मोठा होतो. हरीण घाबरलं तर घाबरलं."

टिपणीस उभ्या उभ्या दहा वर्षांनी लहान झाले. मलाही ओढून नेलं. पावसाळा संपत आला होता. बंदूक तपासताना होशिनो-साननी नळीत गज घातला. तो मध्येच अडला. त्यांनी गजाच्या टोकाला मळसूत्र लावलं, बराच वेळ फिरवलं आणि हळूच ओढलं. आधी बुरशी आलेल्या रव्याची एक वळकटी आली. मग हरभरा आला. पाऊसकाळच्या दमट हवेत फुगून नळीत बसलेला, आणि वर त्याला बोटाच्या पेराएवढा मोड.

म्हाताऱ्याने तो तळहातावर घेतला. चष्मा वर करून पाहिला. बाकीचे तिघे चिलखतवाले पुढे वाकले.

"टिपणीस-सान," होशिनो-सान गंभीरपणे म्हणाले, "ही भारतातली कुठली परंपरा?"

टिपणिसांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोंगराकडे.

"शेलार-सानच्या घराण्याची," ते म्हणाले.

तो हरभरा होशिनो-साननी फेकला नाही. कुंडीत लावला.

पुढच्या जत्रेपर्यंत टिपणीस रीतसर तयार झाले. जत्रेदिवशी पहाटेच रंगीत तालीम होती. मी आदल्या दिवशीच मुक्कामाला गेलो होतो; माझी बंदूक पहिल्यांदा वाजणार आणि मी नाही, असं कसं? उजाडलं होतं. आवारात पाच चिलखतं रांगेत उभी, पाचवं ढेरीमुळे बाजूने दोरीने बांधलेलं. होशिनो-साननी प्रत्येकाला दारू मोजून दिली. वाती पेटल्या. पहिली पाळी टिपणिसांची.

ते गुडघ्यावर बसले, बंदूक गालाशी घेतली, आणि थांबले.

खाली वाफ्यात दोन हरणं उभी होती. एक मोठी मादी, एक लहान. त्या वर्षी मेथी कधी नव्हे इतकी दाट आली होती. मादी एकेक डहाळी निवडून खात होती आणि पिल्लू तिच्या पोटाखालून मान घालत होतं.

"साहेब, ओढा!" मी कुजबुजलो. "हाच मोका आहे!"

टिपणीस हलले नाहीत.

"अहो, सगळी मेथी जाईल! कशासाठी केलं एवढं?"

"शेलारशेठ," ते हळूच म्हणाले, "जरा खाऊ दे त्यांना. घाई कोणाला आहे?"

आणि त्यांनी पेटती वात दोन बोटांत धरून विझवली. होशिनो-साननी मागे पाहिलं, खाली पाहिलं, आणि आपलीही विझवली. मग बाकीच्या तिघांनी. चार जपानी आणि एक टिपणीस, चिलखतं घालून, हरणांची न्याहारी आटपेपर्यंत गप्प बसून राहिले. मी तेवढा एकटा चिडलेला होतो.

वाफा रिकामा झाला. हरणं सावकाश डोंगरात गेली. टिपणीस देवळाच्या पायरीवर येऊन बसले आणि तसेच बसून राहिले. पुण्यात उजाडायची वाट पाहत होते. दहा वाजता त्यांनी फोन लावला. शिरस्त्राणाच्या झडपांमुळे फोन कानाला लागेना आणि गाठ काही सुटेना, म्हणून तो समोर धरून स्पीकरवर लावला.

"नलिनी, मेथी गेली."

"कशाने?"

"हरणांनी. दोन होती. आईलेक. त्यांच्यासाठी बंदूक आणली होती, पण... खाऊ दिलं."

पलीकडून प्रश्न यायच्या आत टिपणीस घाईघाईने म्हणाले, "आणि आधीचीही गेली होती. पहिल्या वर्षापासून. फोटो जुने होते."

"जुने नाही, जुना. एकच," वहिनी म्हणाल्या. "दर रविवारी तोच पाठवता. त्यात वाफ्याच्या कडेला माझे जांभळे गमबूट आहेत. ते घालून मी इथे आले, अहो. बाल्कनीत आहेत."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला तिथून यायचं नाही. म्हणून मेथीचं सांगताय."

टिपणिसांच्या चिलखताच्या आतून कुठूनतरी कुरकुर आवाज आला. मी उठून जरा लांब गेलो, तरी शेवटचं ऐकू आलंच. त्या म्हणत होत्या, "इथे कुंड्या आहेत. या आता." आणि टिपणीस म्हणत होते, "रीतसर राजीनामा द्यावा लागेल."

अकराला बार झाले. टिपणिसांचा सगळ्यात मोठा झाला. त्यांनी तोंडाने "ढुम्"ही म्हटलं, सवयीने.

जाण्याआधी त्यांनी बंदूक माझ्या नावावर केली. मी तयारीत होतो. भाव किती सांगायचा, कुठे नाक मुरडायचं, सगळं गाडीत ठरवलं होतं. त्यांनी भावाचा विषयच काढू दिला नाही. "तुमचीच होती ना?" म्हणाले, आणि कमरेत वाकून दोन्ही हातांनी पुढे केली.

असा व्यवहार माझ्याशी कोणी केलेला नाही. मला तो अजून पचलेला नाही.

आता ती योकोहामाला, माझ्या दुकानामागच्या खोलीत असते. शरदात पाचवा माणूस म्हणून मीच उभा राहतो. चिलखत मलाही बाजूने दोरीने बांधावं लागतं. बंदुकीबरोबर त्यांनी सरावाचा डबाही दिला होता. एखाद्या सकाळी दुकान उघडण्याआधी मी दार लावून घेतो, एक माप रवा भरतो आणि तीनदा ठासतो. हरभरा मात्र घालत नाही.