मांडी मोजणारे बिरादार मास्तर

बिरादार मास्तर नव्या माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याची मांडी मोजत. हुमनाबादच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी गळ्यात शिंप्याची फीत अडकवलेला एक धिप्पाड गृहस्थ व्हरांड्यात मला आडवा आला. मला वाटलं, इथं शिक्षकांना कपडे शिवून देतात की काय. त्यांनी उकिडवं बसून माझ्या दोन्ही मांड्यांना फीत लावली, वहीत आकडे टिपले आणि मग विचारलं, "नाव काय म्हणलाव?" मी काहीच म्हणालो नव्हतो.

हे आमचे ड्रिल मास्तर, काशीनाथ बिरादार. ड्रिल हा त्यांचा पगाराचा विषय. खरा विषय स्नायू. दुखावलेला पाय पुन्हा कसा उभा करायचा, किती वजनानं, किती दिवसांत, यावर त्यांचं संशोधन चाले. विद्यापीठ त्यांनी लांबूनही पाहिलं नव्हतं, पण त्याची त्यांना कधी उणीव भासली नाही. हैदराबादेच्या जुन्या बाजारातून इंग्रजी पुस्तकं आणून ती डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचत. सायकलच्या फाटक्या ट्यूबमध्ये वाळू भरून त्यांनी पायाला बांधायची वजनं केली होती. "आहिस्ता, पन रोज" हे त्यांचं ब्रीद. उशिरा येणाऱ्या पोरांनाही ते हेच ऐकवत, त्यामुळे पोरं आहिस्ता आणि रोज उशिरा येत.

एकदा त्यांनी आठवीच्या वर्गाचे दोन भाग पाडले. अर्ध्यांनी वाळू बांधून बैठका मारायच्या, अर्ध्यांनी काहीच करायचं नाही. महिन्यानं दोन्ही भागांच्या मांड्या ताडून पाहायच्या. पण काहीच न करणाऱ्यांच्या आया खवळल्या. आमच्या लेकरात काय कमी आहे, म्हणून त्यांनी पोरांना तुपाबरोबर शेंगापोळ्या चारायला सुरुवात केली. पोरंही कमी नव्हती. कमजोर तुकडीत कोण राहील? ती घरच्या माळवदाच्या गच्चीवर चोरून बैठका काढू लागली. मास्तरांनी वहीत शेरा मारला की पुढच्या वेळी आयांची तुकडी वेगळी काढावी लागेल.

फितीचं प्रकरण तर गावभर झालं. कित्येक महिने कुणाचीच मांडी वाढेना. मास्तर खचले. शेवटी फीत फाटली म्हणून नवी आणली, तर एका दिवसात सगळी शाळा अर्ध्या इंचानं वाढली. मास्तरांनी पेढे वाटले. दोन दिवसांनी शिंप्यानं दोन्ही फिती शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. रोज ओढून ओढून जुनी फीत सैल पडली होती, म्हणून आकडे कमी येत होते. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मास्तर प्रार्थनेच्या वेळी पुढे आले आणि सगळ्या शाळेसमोर म्हणाले, "चूक माझी हाय. तुमी काय एका दिसात वाढला न्हाई." पेढे तेवढे परत मागितले नाहीत. हा माणूस मला आवडला तो तेव्हापासून.

पुढच्या वर्षी शिक्षक आणि कचेरीतले कारकून यांच्या व्हॉलीबॉलच्या सामन्यात माझा डावा गुडघा मुरगळला. हाड शाबूत आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. तरी बायकोनं हाडवैद्य बोलावला. त्यानं अंड्याचा लेप थापून, बांबूच्या कामट्या लावून पाय करकचून बांधला आणि चाळीस दिवस जमिनीला टेकवायचा नाही म्हणून बजावलं.

दहाव्या दिवशी मास्तर आले. फीत लावली. डावी मांडी दीड इंच कमी भरली. मास्तरांनी फीत पुन्हा लावून पाहिली, आकडा तोच. मग बायकोला म्हणाले, "वैनी, हे सोडू द्या मला. पाय वाळायलाय." पाय वाकडा झाला तर यांना शाळेत उचलून न्यावं लागेल, असं बायकोनं ठणकावलं. "नेतो की," मास्तर म्हणाले आणि कामट्या सोडायला लागले.

त्यानंतर अडीच महिने मास्तर रोज पहाटे दूधवाल्याच्या आधी दारात हजर. आधी गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवून ती नुसती दाबायची, मग टाच उचलायची, मग वाळूची ट्यूब, मग बैठक. मी त्यांना मनातल्या मनात आणि पुढेपुढे मोठ्यानं शिव्या घातल्या. एकदा चिडून विचारलं, एवढं कामून करायलाव, कशापायी? ते म्हणाले, "सर, तुमचा पाय मला लागतोय. एका मान्साला दाखवायचाय."

पाय बरा झाल्यावर एका रविवारी आम्ही सायकलींवर मास्तरांच्या गावी, दुबलगुंडीला निघालो. वाटेत मास्तर प्रथमच स्वतःविषयी बोलले. त्यांचा थोरला भाऊ, सगळ्यांचा अण्णा, पंचक्रोशीतला नामी पैलवान. जत्रेच्या कुस्तीत त्याचा गुडघा गेला. हाडवैद्यानं चाळीस दिवस सांगितले होते. मास्तरांनी चार महिने पाय बांधून ठेवला. जेवण हातात, पाणी हातात, अण्णाला खाटेवरून उतरू दिलं नाही. "लई माया केली सर. त्या मायेनंच पाय वाळला," ते म्हणाले. नंतर पुस्तकं वाचली तेव्हा कळलं. बारा वर्षं ते दर रविवारी जाऊन अण्णाला व्यायाम करायची विनवणी करत होते आणि अण्णा नाही म्हणत होता.

अण्णा ओट्यावर काठी घेऊन बसला होता. खांदे अजून पैलवानाचे, डावा पाय मात्र काटकुळा. मास्तरांच्या सांगण्यावरून मी त्याच्यासमोर दहा बैठका काढल्या. अण्णानं शांतपणे मोजल्या आणि मला म्हणाला, "गुरुजी, मला कळतंय, ह्यानं सुधारंल. पन बारा वरसं हे दर आइतवारी येतंय. पाय सुधारला तर हे कामून यील?"

 मास्तर भावाच्या पायाशी बसले आणि हळूच म्हणाले, "अण्णा, तू पडल्यापासून मी एक बी कुस्ती बगितली न्हाई. एकल्याला जाववत न्हाई रे. तुला संगं घिऊन जायचंय."

 अण्णानं काठी भिंतीला टेकवली आणि वाळलेला पाय धाकट्या भावापुढे सरळ केला.

इतकी वर्षं ज्या पायाची वाट पाहिली, तो समोर आला आणि मास्तर पंचा घेऊन बसले. पण त्यांना तो गुंडाळताच येईना. शेवटी त्यांना बाजूला सारून अण्णाचा पहिल्या दिवसाचा व्यायाम मीच घेतला.