होल्डवर कण्हतंय कोण?

"भाऊजी, आत गेल्यावर माझी ओळख नीट करून द्या," दवाखान्याच्या पायरीवर मेहुण्यांनी मला बजावलं. "गरुडाची नजर, लांडग्याचं नाक आणि बुद्धी अशी धारदार, की तलवारीनं लाजून म्यानात जावं. स्वभावानं नम्र, हे शेवटी सांगा."

एवढं बोलून गरुडानं दार जोरात ढकललं. दारावर ‘ओढा’ असं लिहिलं होतं. मी ओढलं.

हे माझ्या बायकोचे थोरले बंधू. गोदामातली नोकरी सोडून ते खासगी गुप्तहेर झाले, तेव्हापासून मी त्यांचा सहायक आहे. "दादा एकटा गेला की हरवतो," असं बायको म्हणते, आणि आमच्या घरात तिच्या म्हणण्यालाच हुकूम म्हणतात.

प्रकरण दातांच्या डॉक्टरबाईंचं होतं. दवाखान्यात फोन केला आणि थांबावं लागलं, की पूर्वी कानात बासरी वाजायची. हल्ली बासरी बंद पडून कोणीतरी कण्हू लागलं होतं. मधूनच घर्रर्र व्हायचं आणि एक थंड आवाज म्हणायचा, "झालंच. आता शेवटचं." ऐकणारे फोन ठेवायचे आणि दात घरच्या घरीच दुखवून घ्यायचे.

"हे हिचंच काम," डॉक्टरबाईंनी दवाखान्यात फोन घेणाऱ्या मुलीकडे बोट दाखवलं. "मी रजा नाकारली, त्याचा सूड उगवतेय. आज उलगडा झाला नाही, तर उद्यापासून हिनं येऊ नये."

मुलगी मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत राहिली. पेन्सिल जेमतेम नखाएवढी उरली होती.

फोनचा सर्व्हर म्हणजे उपचारखोलीत संगणकाला खेटून ठेवलेला एक काळा डबा. म्युझिक प्लेअरची वायर त्याच्या पाठीत खुपसायची, की थांबलेल्यांना गाणं ऐकू जातं. डबा बसवणाऱ्या तंत्रज्ञानं घरबसल्या सेटिंग तपासून कळवलं होतं, ‘डबा ठीक आहे. आवाज बाहेरचा आहे.’

"बाहेरचा!" मेहुण्यांचे डोळे लकाकले. "म्हणजे बाहेरची बाधा! बाई, खरं सांगा, या खोलीत कोणी गेलंय?"

"आत्ताच एकजण गेलेत."

"अरेरे! कशानं?"

"पायांनी."

आत खुर्चीत एक गृहस्थ आ वासून बसले होते. रूट कॅनालची त्यांची ही कितवी तरी खेप. गालात कापूस, ओठाला चिमटा. आम्हाला पाहताच ते डब्याकडे हात करून तळमळीनं म्हणाले, "आईं‍ई आआ! आईं‍ई!"

"तोंड मिटू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"बिचारा आईची आठवण काढतोय," मेहुणे मला म्हणाले आणि खिडकीशी गेले. आता ‘बाहेरचा’ याचा दुसरा अर्थ त्यांना सुचला होता. "समोरच्या दुकानात तुमचा कोणी प्रतिस्पर्धी दंतवैद्य आहे?"

"समोर सायकलवाला आहे."

"वेषांतर! बघा, हातात पक्कड आहे. आणखी कसला पुरावा हवा?"

सायकलवाल्यानं पकडीनं टायरमधला खिळा उपटला. मेहुण्यांनी स्वतःचा गाल धरला.

खुर्चीतून पुन्हा "आईं‍ई!" आलं, पण मेहुणे तिसऱ्या तर्कावर पोचले होते. मुलगीच फोनमध्ये कण्हते. प्रयोग असा ठरला, की तिच्या तोंडात कापूस कोंबायचा, मी बाहेरच्या बाकावरून मोबाइल लावायचा आणि तिनं मला होल्डवर टाकायचं. मुलीनं निमूटपणे कापूस भरून घेतला. तिचे डोळे भरले होते. मला खाली बघावंसं वाटलं.

फोन कानाला लावला. कण्हणं आलं. पाठोपाठ मेहुण्यांचा आवाज आला, "सहायकाचं काय घेऊन बसलात? बहिणीकडे बघून सांभाळतोय त्याला." या दवाखान्याच्या भिंती फारच पातळ आहेत, असं माझ्या मनात आलं.

"आला आवाज?" मेहुण्यांनी उपचारखोलीच्या दारातून डोकं काढलं.

"दोन आले."

"तोंड बंद असून? मग ही नाकानं कण्हते! चला, बाईंसमोरच सिद्ध करतो."

तेवढ्यात फोन वाजला. कापसामुळे मुलीला बोलता येईना. तिनं तो होल्डवर टाकला आणि आमच्यामागून आत आली.

मेहुणे तिच्या नाकावर भाषण करत असतानाच डॉक्टरबाईंनी गृहस्थांच्या ओठाचा चिमटा काढला. त्यांनी चूळ भरली, थुंकली आणि ते कडाडले, "अहो, बाईंनी! बाईंनी! मागच्या खेपेपासून ओरडतोय! बाईंनीच त्या डब्यातली वायर उपटून हा माइक खुपसला. माझ्या डोळ्यांदेखत! पण तोंड यांच्या ताब्यात होतं ना!"

दिव्याला एक नवा माइक अडकवलेला होता. तोंडानं सांगितलेल्या नोंदी संगणकानं लिहून घ्याव्यात म्हणून डॉक्टरबाईंनी तो आणला होता, आणि वायर संगणकात घालायची ती शेजारच्या डब्यात घातली होती.

"तरीच!" त्या मटकन बसल्या. "तरीच संगणक अक्षरसुद्धा लिहीत नव्हता. मला वाटलं, घरच्यांसारखा तोही माझं ऐकत नाही."

मग त्या उठल्या आणि मुलीच्या तोंडातला कापूस त्यांनी स्वतःच्या हातानं काढला. "माझं चुकलं गं. चारचौघांत आळ घेतला, तर माफीही चारचौघांतच मागते."

मुलगी रडता रडता म्हणाली, "आणि रजा?"

"दिली."

"मला संशय होताच," मेहुणे म्हणाले. कोणावर, ते त्यांनी सांगितलं नाही.

"अगंबाई, फोन!" मुलीनं खोलीतल्या फोनचं बटण दाबलं. "माफ करा हं, तुम्हाला फार वेळ थांबावं लागलं."

स्पीकरवर एक आजीबाई होत्या. "छे गं, माझा दातसुद्धा दुखायचा थांबला. रजा पदरात पाडून घे आधी. आणि मला उद्याची वेळ दे. चुकलं तर चुकलं म्हणणारी डॉक्टर कुठं मिळते? बरं, तो मधे मधे बोलणारा माणूस कोण?"

मेहुणे छाती काढून फोनजवळ सरकले. "मीच तो. गुप्तहेर."

"आयते तिथंच आहात, तर तपासून घ्या हो," आजीबाई मायेनं म्हणाल्या. "अक्कलदाढ आलेली दिसत नाही."