मुहूर्ताची गाडी

कोरपन्याजवळच्या बाबूभाईंच्या जिनिंगमध्ये हंगामाची पहिली कापसाची गाडी सकाळीच काट्यावर चढली आणि तिथंच बसली. गाडी ठीक होती, बैल ठीक होते. नव्या काट्याचा कॉम्प्युटर चालत नव्हता.

गाडी जुने शेतकरी दादाजी यांची. बैलांना हार, दादाजींच्या खांद्यावर शाल, काट्याला हळदकुंकू. मुहूर्ताची गाडी तोलल्याशिवाय उतरवायची नाही, आणि ती उतरल्याशिवाय दुसरी चढवायची नाही, असा रिवाज. मागं रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग.

जुना काटा बाबूभाईंनी भंगारात घातला होता, तोही पुतण्याच्या शब्दावर. पुतण्या नदीम कॉम्प्युटर शिकलेला. त्यानंच सांगितलं होतं, की कॉम्प्युटर चालवायला विकतच्या प्रणालीऐवजी फुकटचं लिनक्स टाकू आणि वजनाची पावती छापणारा प्रोग्राम नागपूरच्या कंपनीकडून घेऊ. सीडीवर ठळक छापलं होतं : ‘मानकानुसार प्रमाणित. कोणत्याही लिनक्सवर चालतो.’ असल्या छापील थापांवर शिकलेलेच आधी विश्वास ठेवतात.

"काऊन रे, चालते म्हणलं होतं ना?"

"चाचा, तो प्रोग्राम एक फाईल मांगून राह्यला."

"त देऊन टाक ना!"

"आपल्याजवळ पुढच्या नंबरची आहे. त्याले मागच्या नंबरचीच पाह्यजे."

नदीमनं फाईलचं नाव बदलून मागचा नंबर लावला. प्रोग्रामनं ती गिळली आणि दुसरी मागितली. तीही दिली, तर पडदाच काळा झाला.

त्यानं कंपनीला फोन लावला. पलीकडचे साहेब शांत होते. "आमचा प्रोग्राम प्रमाणित आहे. तुमचं लिनक्स तपासा."

"ते बी प्रमाणितच आहे, साहेब."

"मग चालायला पाहिजे."

"पण चालून नाई राह्यला!"

"प्रमाणपत्र वेगळ्या आवृत्तीचं असेल. दुसऱ्या प्रकारचं लिनक्स टाकून बघा."

"किती प्रकार हायेत याचे?" बाबूभाईंनी विचारलं.

"लई, चाचा. सारे एकाच नियमानं चालतात म्हणे."

"आन एकाच्या घरी दुसरा जेवत नाई! इथी बी जात आडवी आली म्हण."

नदीमनं राजुऱ्याच्या मित्राकडून दुसरी सीडी मागवली आणि सगळं पुसून नव्यानं टाकलं. आता प्रोग्राम उघडला, वजनही दिसलं, पण प्रिंटर मुका. छापील पावतीशिवाय कापूस खाली होणार नाही, असं शेतकऱ्यांनी आधीच बजावलेलं. हातानं लिहिलेल्या पावत्यांनी त्यांना पुरेसं लुटलं होतं.

रांगेतला एक ट्रॅक्टर वळला. त्याच्यामागं दुसरा. राज्याच्या सीमेपलीकडच्या व्यापाऱ्याकडं साधा, पण चालता काटा होता आणि तो कोणाचं प्रमाणपत्र विचारत नव्हता.

उन्हं कलली, मागची रांग संपली, तेव्हा दादाजींनी शाल घडी करून बाबूभाईंच्या हातात दिली.

"चाललो, भाऊ. बैलं उपाशी हायेत."

"आन मुहूर्त, दादाजी?"

"मुहूर्त बैल खाते काय?"

गाडी खडखडत काट्यावरून उतरली. बाबूभाईंनी अडवलं नाही. कोणत्या तोंडानं अडवणार?

तेवढ्यात आतून प्रिंटर करकरला. "चाचा, चालला! चालला!" नदीमनं धावत फोन लावला. "साहेब, तुमचा प्रोग्राम चालला!"

पलीकडून साहेब खुर्चीतून उठल्यासारखे ओरडले, "खरंच? कसा काय? जरा लिहून पाठवा ना. आमच्या इथं अजून कोणाच्याच मशीनवर चाललेला नाही!"

बाबूभाईंनी रिसीव्हर हिसकावून घेतला. समोर आवार मोकळं पडलं होतं. एक कुत्रं काट्यावर येऊन झोपलं होतं.

"पाठवतो, साहेब," ते म्हणाले. "तुम्ही तेवढा कापूस पाठवा."