अकरा खिशांचा कोट

मी एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस नेतोच. मी सांगतोय म्हणून विश्वास ठेवू नका, माझ्या गिऱ्हाइकांना विचारा! एका वकिलांची पँट मी सात वेळा उसवली आणि सात वेळा शिवली, पण शेवटी ती बसली. वकिलांना नाही, त्यांच्या धाकट्या भावाला बसली. पण बसली की नाही?

तर असा मी शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मधे घर आणि मागे अंगण. या अंगणात भाजी पिकवायची असं मी मनावर घेतलं, ते आईसाठी.

वडील गेल्यावर गावचं घर आवरून आई आमच्याकडे आली, त्याला आता आठ महिने झाले. आई आली, पण तिची भूक तिकडेच राहिली. दोन घास खायची आणि ताट बाजूला सरकवायची.

"पुरे रे. बाजारच्या भाजीला ओल्या कागदाची चव येते."

मला हे फार लागायचं. जिने मला आग्रह करकरून वाढलं, तिने माझ्याच घरात दोन घासांवर उठावं? मी ठरवलं, आईला घरची भाजी खाऊ घालीन तर नावाचा शिंपी!

पहिल्यांदा मी बागकामाचा कोट शिवला. अकरा खिशांचा! बियांचा वेगळा, खुरप्याचा वेगळा, सुतळीचा वेगळा, चहा प्यायला थांबलो तर बिस्किटांचा वेगळा. बायको म्हणाली, "अहो, भाजी कोटाला लागणार आहे का?" मी तिकडे दुर्लक्ष केलं. मोठी कामं करणाऱ्यांना घरातून अशीच बोलणी खावी लागतात.

मग वाफे केले, बिया टाकल्या, खत घातलं, आंघोळीचं पाणी बादल्यांनी वाहिलं. आणि उन्हाळा सुरू झाला. तीन महिने आभाळाने एक थेंब दिला नाही. भेंडी आली, पण तिने बॉबिनच्या लांबीपुढे जायचं नाकारलं. वांग्याच्या झाडाला फुलं येत आणि मला पाहून गळत. टोमॅटो दोनच धरले, शर्टाच्या बटणाएवढे.

जोमात वाढलं ते एकच, तण! जाडसर पानांचं, लालसर देठांचं, जमिनीला चिकटून पसरणारं एक चिवट तण. ना त्याला ऊन बाधे, ना पाण्याची गरज. मी रोज सकाळी सहा वाजता कोट घालून त्याच्यावर तुटून पडायचो आणि उपटून कुंपणाशी ढीग घालायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! पण मीही हटलो नाही. एक दिवस खाडा केला नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. बायकोला अंगणात फरशी घालून शेड हवी होती. तिचं शिलाई मशीन स्वयंपाकघरात असतं, पिको-फॉल ती तिथेच करते.

"काल आपल्या चिमीच्या भातात हुक निघाला," ती म्हणाली. "परवा गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हळद लागली. मला बसायला जागा पाहिजे. तुमच्या तीन भेंड्यांसाठी सगळं अंगण अडवून ठेवणार आहात का?"

"चार भेंड्या," मी म्हणालो.

तिचा धाकटा भाऊ गवंडी आहे. तो टेप घेऊनच आला आणि अंगण मोजू लागला. तेव्हा मी कोटाच्या सगळ्या खिशांवर हात मारून जाहीर केलं, "रविवारी पाच माणसांना पोटभर पुरेल अशी भांडंभर भाजी या अंगणातून काढतो. तेल, मीठ, मिरची, लसूण आणि तांदूळ तेवढे दुकानातले. नाही काढली, तर सोमवारी घाल तुझी फरशी!"

"दाजी, शब्द?" मेहुण्याने विचारलं.

"शब्द!"

आता गंमत बघा. बुधवारी आई आपणहून अंगणात गेली. बराच वेळ कुंपणाशी उभी राहिली. मग तीन विटा आणून तिने चूल मांडली, बायकोकडे मोठं पातेलं मागितलं आणि म्हणाली, "रविवारी स्वयंपाक मी करणार. उघड्यावर. आणि पोटभर जेवणार!"

आठ महिन्यांत पहिल्यांदा आईच्या तोंडून 'पोटभर' हा शब्द! बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी बायकोकडे. माझा ऊर भरून आला. माझी बाग बघून आईची भूक परत आली होती!

त्यानंतर आई दुसरं काही बोलेचना. पातेलं घासून ठेवलं, सरपण वाळत घातलं, लसूण निवडला. चिमी, म्हणजे आमची आठ वर्षांची मुलगी, तिच्या मागे मागे.

शनिवारी दुपारी मी बागेची मोजदाद केली. भेंड्या चार, टोमॅटो दोन. खुरपं खाली ठेवलं आणि मनाशी म्हणालो, आता माघार नाही! दुकानाच्या दारावर 'मापं घ्यायला बाहेर गेलो आहे' अशी पाटी लावली, सायकल काढली आणि आमच्या बाजारात नव्हे, पार दोन बाजार ओलांडून तिसऱ्या बाजारात गेलो. दोन किलो बटाटे घेतले. घरी सगळे दुपारचे आडवे झालेले. मी हलक्या पावलांनी मागे गेलो, कडेच्या वाफ्यात खड्डा खणला, बटाटे पुरले आणि माती सारखी केली.

याला कोणी फसवणूक म्हणेल. मी म्हणणार नाही. बटाटे मातीतलेच, मी त्यांना परत नेऊन सोडलं. शिवाय ते 'अंगणातून काढतो' असंच मी म्हणालो होतो. उगवतो कुठे म्हणालो होतो?

रविवारी सकाळी अंगणात पाऊल टाकलं आणि जागीच थिजलो. टोमॅटोच्या झाडांना टोमॅटो! दोन नाही, चौदा! लालबुंद! वांग्याच्या झाडाला सहा वांगी! आणि भेंडीच्या झाडाला चक्क एक काकडी!

शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी म्हणालो, "खत!"

"काय झालं?" बायको दारात आली.

"माझं खत लागू पडलं! बघ, एका रात्रीत! इतका जोर, की भेंडीला काकडी आली!"

"अगबाई," बायको म्हणाली आणि घाईघाईने आत गेली. आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, लेकाचं यश बघून माउलीला रडू आलं.

"आई, रडू नकोस ग," मीही गहिवरून म्हणालो. खांदे आणखीच हलले.

अकरा वाजता मेहुणा आला. मी कोट घालून वाफ्यांपुढे उभा राहिलो. "ये, पंच! मोज आता! टेप पुरायची नाही!" मेहुण्याने बाग पाहिली, बहिणीकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे पाहिलं.

"दाजी, आभाळ भरलंय. आधी तोडून घ्या."

"आभाळ तीन महिने असंच फसवतंय. आधी मी चार शब्द बोलतो," मी म्हणालो आणि घसा साफ केला.

पहिला शब्द बोललो आणि वळीव आला! टपोरे थेंब धुळीत पडू लागले, मातीचा वास उठला. भाषण गेलं खड्ड्यात! चिमी हात पसरून गोल गोल फिरू लागली. आईने तोंड वर केलं आणि डोळे मिटले. बायको दोरीवरचे कपडे काढायला धावली आणि कपडे हातात घेऊन तशीच भिजत उभी राहिली. तीन महिन्यांची तलखी पाच मिनिटांत उतरली. मला इतका आनंद झाला, की मी मेहुण्याला मिठी मारली.

मग पाऊस वाढला. चूल विझली. वाफ्यांतून पाणी वाहू लागलं आणि वाऱ्याचा झोत आला. टप! एक टोमॅटो पडला. टप, टप! आणखी दोन. पण पडले म्हणजे पुरते पडलेच नाहीत. झाडाला दोऱ्याने लोंबकळत राहिले!

मी वाकून बघितलं. हिरवा दोरा, माझ्या दुकानातला. आणि गाठ? तिहेरी, आत वळवलेली. हुक लावताना अशी गाठ आख्ख्या गल्लीत एकच बाई मारते.

"अगं!" मी ओरडलो. "ही तुझी गाठ!"

बायकोने कपड्यांच्या ढिगामागे तोंड लपवलं. तेवढ्यात काकडी सुटून चिखलात पडली. तिच्या देठाला केसांची गुलाबी क्लिप होती.

"चिमे!"

"बाबा, फक्त भेंडीच्याच झाडावर जागा होती," चिमी म्हणाली.

तिकडे मधल्या वाफ्यावरची माती वाहून गेली आणि गाजरं उघडी पडली. बारा गाजरं, एका रेषेत! प्रत्येकात सहा सहा इंचांचं अंतर, एकही तसूभर इकडे तिकडे नाही. पाला छाटलेला. अशी गाजरं निसर्ग लावत नाही, टेप घेऊन फिरणारा माणूस लावतो. मी वळलो. मेहुणा खिशात टेप ढकलत होता.

"तू? अरे, फरशी तर तुलाच घालायची होती ना?"

"मावशींना भूक लागली म्हणून ताईने सांगितलं," तो पुटपुटला. "म्हटलं, फरशी काय, कधीही घालता येईल. काल माप घ्यायला आलो तेव्हा लावली."

"आणि तू?" मी बायकोला विचारलं. "तुला शेड हवी होती ना?"

"हवीच आहे!" ती चिडून म्हणाली. "पण आई चार दिवस त्या चुलीबद्दल बोलतायत. तुमच्या चार भेंड्या बघून त्यांनी परत ताट सरकवलं असतं, तर मी शेडमध्ये बसून काय केलं असतं?"

मला भरून आलं, पण रागही आला. मी कोटाची बटणं लावली, छाती काढली आणि कडाडलो, "तरी ही फसवणूक! या घरात सरळ माणूस मी एकटाच..."

तेवढ्यात चिमी म्हणाली, "बाबा, ते बघा."

कडेचा वाफा पार धुऊन निघाला होता. तिथे माझे बटाटे, स्वच्छ, चकचकीत. घाईत मी ते मोकळे केलेच नव्हते. लाल जाळीच्या पिशवीत, तोंडाला बाजारवाल्याने मारलेल्या गाठीसकट, बटाटे उगवले होते!

मग आईचा बांध फुटला. ती पोट धरून हसू लागली, इतकी, की तिला वाफ्याच्या कडेवर बसावं लागलं. तेव्हा मला कळलं, सकाळी खांदे कशाने हलत होते.

मी कबूल केलं. "हरलो. उद्या फरशी घाल."

"ते उद्या," आई डोळे पुसत म्हणाली. "आधी जेवा. सगळा चोरीचा माल आत आणा."

बायकोचं मशीन बाजूला सरकवून आईने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मोठ्या पातेल्यात बटाटे, गाजरं, वांगी, टोमॅटो, वर माझ्या चार भेंड्या. लसूण, मिरची, मीठ, झाकण. बस्स. दुसऱ्या भांड्यात तिने आणखी एक हिरवी पालेभाजी नुसत्या लसणावर परतली. बाहेर पाऊस कोसळत होता, आम्ही ओल्या केसांनी जमिनीवर बसलो आणि गरम भाताबरोबर जेवलो.

आई दोनदा भात घेऊन जेवली. मग तिसऱ्यांदा. मी मान खाली घालून जेवत राहिलो, कारण डोळे भरले होते आणि मेहुणा समोर होता. पालेभाजी तर आम्ही भांडं पुसून खाल्ली. किंचित आंबूस, मऊ, तोंडात विरघळणारी.

"आई, ही कुठल्या बाजारातली?" बायकोने विचारलं.

"बाजारातली कशाला? अंगणातली."

माझा घास तोंडातच राहिला. "अंगणातली? मी लावलेली?"

"तू लावलेली नाही, तू उपटलेली. घोळ आहे ती. तुझे आजोबा उन्हाळाभर हीच खायचे. बुधवारी कुंपणाशी तुझा तो ढीग दिसला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आज सकाळी तू उपटलीस, ती ताजी ताजी उचलून आणली."

म्हणजे आईची भूक त्या ढिगाने परत आणली होती. कोटाने नाही, खताने नाही.

"पण मग तीन महिने मला सांगितलं का नाहीस?"

"मी मागे अंगणात येत होते कुठे? आणि बुधवारनंतर म्हटलं, पोरगं इतक्या जिद्दीने उपटतंय, उपटू दे. मला वाकावं लागत नाही."

मेहुण्याने रिकाम्या भांड्यात डोकावून निकाल दिला. "पाच माणसं, भांडंभर भाजी, अंगणातली. दाजी जिंकले! फरशी रद्द!"

"आणि माझं मशीन?" बायको म्हणाली.

"माझ्या खोलीत ठेव," आई म्हणाली. "मी आता दिवसभर अंगणात असणार. फक्त एक अट आहे."

"बोल!" मी उत्साहाने सरसावलो. "नवीन वाफे करू? दुप्पट खत घालू?"

"तू बागेत पाय ठेवायचा नाहीस."

अट सर्वांनी एकमताने मान्य केली. चिमीने तर दोन्ही हात वर केले. आता आईची घोळ फोफावलीय, मेहुणा दर रविवारी जेवायला येतो आणि भातात हुक निघत नाही. मी दुकानाच्या मागच्या खिडकीतून बाग बघतो. माझ्या कोटाला मात्र बागेत जायची परवानगी आहे. तो बुजगावण्याच्या अंगात आहे, आणि अकरांपैकी नऊ खिशांत चिमण्या राहतात.