मुंगूसरावांच्या पाकोळीला नवं इंजिन

एका जंगलात एक मुंगूस होतं आणि त्याच्याकडे मोटार होती. मुंगसाकडे मोटार कुठून आली, असं लगेच विचारू नका. मुंगूस बोलतं म्हटलं की तुम्ही निमूट ऐकून घेता, मग मोटारीनंच तुमचं काय घोडं मारलंय? फार वर्षांपूर्वी एक साहेब शिकारीला आला होता. त्यानं वाघ पाहिला आणि मोटार तिथंच टाकून तो पळत परत गेला. तीच ही मोटार. झालं समाधान? आता गप्प बसा.

मोटार लाल रंगाची होती. दोघांपुरती, बिनटपाची. इतकी हलकी की चिखलात रुतली तर मुंगूसराव आणि मुंगूसबाई दोन बाजूंनी धरून ती उचलून बाहेर ठेवत. बॉनेटला चामड्याचा पट्टा होता आणि आत एक लहानसं इंजिन होतं. ते शिवणयंत्रासारखं टिकटिक करी. मोटारीचं नाव होतं पाकोळी.

त्या जंगलाच्या मधोमध एक टेकडी होती आणि टेकडीवर देवीचं देऊळ. वर जायला घाट होता. घाट म्हणजे नुसती वळणं. एक वळण संपलं म्हणून श्वास घ्यावा तर समोर दुसरं उभं.

दर चैत्रात देवीची जत्रा भरे. त्या दिवशी दह्यानं काठोकाठ भरलेलं मडकं गाडीत घालून वर न्यायचं. ज्याचं मडकं न सांडता आधी पोचेल, त्याचा मान. आता मान म्हणजे शाल आणि नारळ, असं तुम्हाला वाटलं असेल. तुम्ही सभांना फार जाता. इथं मान म्हणजे घर. देवळाच्या अलीकडे, घाटाच्या अगदी शेवटच्या वळणावर एक जुना उंबर होता. त्याच्या मुळाशी थंडगार बीळ होतं आणि बिळाला लागून झरा. जिंकणाऱ्यानं वर्षभर तिथं राहायचं. बाकीच्यांनी खाली माळावर. माळावर उन्हाळ्यात पाय टेकवत नसे.

कित्येक वर्षं त्या उंबराखाली मुंगूस कुटुंबच राहत होतं. मुंगूसराव पाकोळी चालवत. मुंगूसबाई डाव्या सीटवर मांडीत मडकं धरून बसत. वळण उजवीकडे आलं की त्या किंचित उजवीकडे झुकत, डावीकडे आलं की डावीकडे. पाकोळी वळे, बाई झुकत, दही जागचं हलत नसे. त्यांची पिल्लं त्याच बिळात जन्मली होती. माळ कसा असतो हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

मग एका वर्षी गवेसाहेबांनी नवी गाडी घेतली.

गवेसाहेब म्हणजे रानगवा. गाडी त्यांच्यासारखीच होती. तिचं नुसतं इंजिन अख्ख्या पाकोळीपेक्षा जड होतं. जत्रेच्या दिवशी खालच्या सरळ रस्त्यावर गवेसाहेबांनी पाकोळीला असं मागं टाकलं की मुंगूसरावांच्या तोंडात धूळ गेली. पुढं घाट लागला. पहिल्याच वळणाला गवेसाहेबांचं दही त्यांच्या शिंगांवर आलं आणि दुसऱ्या वळणाला मडकं रस्त्यावर आलं. पाकोळी टिकटिक करत वर पोचली. मान पुन्हा मुंगूसरावांचाच.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण त्या जंगलात एक कोल्हा होता आणि कोल्ह्याचं चॅनेल होतं. कोल्हेभाऊ गाड्यांचे व्हिडिओ काढत. त्या दिवशी ते खालच्या रस्त्यावर उभे होते, कारण घाट चढायचा त्यांना कंटाळा होता. त्यामुळे व्हिडिओत वळणं आलीच नाहीत. तोंडात धूळ गेलेले मुंगूसराव तेवढे आले, आणि तेही पुन्हा पुन्हा, सावकाश.

सगळ्या जंगलानं तो पाहिला. पाणवठ्यावर कोल्हेभाऊंनी मुंगूसरावांना इंजिन केवढं आहे म्हणून विचारलं. मुंगूसरावांनी खरं ते सांगितलं. कोल्हेभाऊ नुसतं "असू दे, असू दे" म्हणून त्यांच्या पाठीवरून हात फिरवून गेले. एखाद्यानं शिवी दिली तर परवडते. ही सहानुभूती मुंगूसरावांना फार लागली. त्या दिवसापासून उंबराचा गारवा त्यांना लागेनासा झाला.

ते हुप्पे मिस्त्रींकडे गेले. हुप्पे मिस्त्री म्हणजे वानर. त्यांचा एक गुण होता. ते कशालाही नाही म्हणत नसत. दरीत कोसळलेल्या एका मोठ्या गाडीचं नवंकोरं इंजिन त्यांच्याकडे पडलेलं होतं. मुंगूसरावांनी भीत भीत विचारलं, की हे पाकोळीत बसेल का.

"बसवू की," हुप्पे म्हणाले. "बसायला काय झालंय त्याला?"

इंजिन बसेना. म्हणून बॉनेट कापलं. बॉनेट गेलं तशी पट्ट्याची गरज उरली नाही. इंजिन बसलं तर पाकोळीनं पुढं नाक टेकलं आणि मागची चाकं हवेत उचलली. म्हणून डिकीत दगड भरले. दगडांनी स्प्रिंगा बसल्या, म्हणून ट्रकच्या स्प्रिंगा घातल्या. मग टायर मोठे घातले, मग ते घासू लागले म्हणून मडगार्ड कापले. प्रत्येक वेळी मुंगूसराव विचारत, आता झालं ना? आणि प्रत्येक वेळी हुप्पे म्हणत, झालंच.

शेवटी चावी फिरवली. इंजिन सुरू होईना. त्या इंजिनाला एक कॉम्प्युटर होता आणि त्यातून एक बाई बोलत असे. बाई म्हणाली, "दार उघडे आहे."

पाकोळीला दारच नव्हतं. लहानपणापासून मुंगूसराव उडी मारूनच आत बसत. हे त्यांनी बाईला समजावून सांगितलं. बाई पुन्हा म्हणाली, दार उघडे आहे. तेव्हा हुप्पे दरीत उतरले आणि त्या कोसळलेल्या गाडीचं दार घेऊन आले. ते पाकोळीवर लावलं तेव्हा पाकोळी दाराला लटकवल्यासारखी दिसू लागली. पण इंजिन सुरू झालं. झाडांवरचे पक्षी उडाले, आणि मुंगूसरावांच्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं. हसू नका. तुमच्याही आलं असतं.

आता कॉम्प्युटरचा डबा तेवढा ठेवायचा राहिला. जागा एकच उरली होती. डावी सीट. हुप्प्यांनी ती काढून माळावर फेकली. पाकोळीचं लहानसं जुनं इंजिनही तिथंच पडलं होतं.

संध्याकाळी मुंगूसबाई गाडी बघायला आल्या. त्या गाडीभोवती एकदा फिरल्या, आत डोकावल्या आणि मग म्हणाल्या, "अहो, मी कुठं बसायचं? आणि मडकं कोण धरणार?"

मुंगूसरावांनी याचा विचारच केला नव्हता. त्यांनी हुप्प्यांकडे पाहिलं.

"कपहोल्डर आहे ना," हुप्पे म्हणाले.

भांडण करायचं तर समोरच्यानं ऐकायला हवं, आणि मुंगूसराव तेव्हा इंजिनाचा आवाज ऐकत होते. मुंगूसबाई घरी गेल्या आणि त्यांनी दही दोन मडक्यांत विरजलं.

जत्रेचा दिवस उजाडला. सगळं जंगल खालच्या रस्त्यावर जमलं. घाटात कुणी गेलं नाही, कारण कोल्हेभाऊ खाली होते. मुंगूसरावांनी मडकं कपहोल्डरमध्ये दाबून बसवलं आणि पाकोळी सोडली. गवेसाहेबांना त्यांनी असं मागं टाकलं, की या वेळी धूळ शिंगांच्या मुळापर्यंत गेली. मुंगूसरावांनी मागं वळून हातही हलवला. इतकं सुख त्यांना पिल्लं झाली तेव्हाही झालं नव्हतं, हे त्यांनी पुढं स्वतःच सांगितलं, आणि बाईंसमोर सांगितलं.

मग पहिलं वळण आलं. पाकोळी सरळ गेली.

ती करवंदीच्या जाळीत थांबली. मडकं फुटलं, दही कॉम्प्युटरवर सांडलं. मुंगूसराव दाराला लटकत होते. बाई म्हणत होती, दार उघडे आहे. या वेळी ते खरंच उघडं होतं.

थोड्या वेळानं गवेसाहेब वर पोचले, पण रिकामं मडकं घेऊन. दुपार कलली तेव्हा पायवाटेनं मुंगूसबाई वर आल्या. अंगाला कुसळं चिकटली होती, पाय सोलले होते. डोक्यावर दुसरं मडकं होतं आणि त्यातला एक थेंबही सांडला नव्हता. त्यांनी ते देवीसमोर ठेवलं आणि जत्रा कमिटीकडे पाहिलं.

कमिटीचे अध्यक्ष अस्वलकाका होते. माणूस, म्हणजे अस्वल, फार चांगलं. त्यांनी आधी बाईंना पाणी दिलं. मग कोणत्या गाडीनं आलात, असं विचारलं. बाई म्हणाल्या, चालत आले. अस्वलकाका खूप हळहळले. दही उत्तम आहे, ते म्हणाले, पण गाडीशिवाय आलेलं दही धरता येत नाही. त्या वर्षी मान कुणालाच मिळाला नाही. मुंगूस कुटुंबानं बीळ रिकामं केलं. पिल्लं माळावर आली आणि त्यांनी पहिल्यांदा तापलेल्या जमिनीवर पाय ठेवला. ती पाय उचलून उचलून नाचू लागली. खेळत नव्हती.

आता कुणीतरी चुकलं होतं, हे सगळ्यांना मान्य होतं. कोण, ते ठरवायला सभा भरली. कोल्हेभाऊंनी व्हिडिओ दाखवला. त्यात गाडी वाऱ्यासारखी जात होती. म्हणजे गाडीचा दोष नव्हता. मुंगूसरावांनी पाय ब्रेकवर नेलाच नव्हता. म्हणजे त्यांच्या धाडसाचाही दोष नव्हता. मग हुप्पे मिस्त्री उठले.

"माझं इंजिन सरळच चाललं होतं," ते म्हणाले. "रस्ता मध्येच वळला."

इतकी साधी गोष्ट आजवर कुणाच्या लक्षात आली नव्हती. गवेसाहेबांनी सगळ्यांत आधी पाठिंबा दिला. दरवर्षी त्यांचंही दही वळणांनीच सांडत होतं. मुंगूसबाई मागून म्हणाल्या, की शेवटच्या वळणावर उंबर आहे, तेवढा तरी बघा. बघू, असं कमिटी म्हणाली.

वर्षभर काम चाललं. टेकडी खणली, वळणं काढली, आणि पायथ्यापासून देवळापर्यंत फुटपट्टीनं आखल्यासारखा रस्ता झाला. उंबर बरोबर मध्ये येत होता. कमिटीनं तो बघितला आणि मग तोडला. झरा रस्त्याखाली गेला.

पुढच्या जत्रेत हुप्प्यांनी दुरुस्त केलेली पाकोळी पहिली आली. कपहोल्डरमध्ये आता मडक्याऐवजी पिशवीतलं दही होतं, ते कमिटीला चाललं, त्यामुळे सांडायचा प्रश्नच नव्हता. गाडी सुटली आणि पोचली. कोल्हेभाऊंना तर कॅमेरा वळवावाही लागला नाही. मुंगूसराव खाली उतरले, दार नीट लावलं आणि आता बीळ कुठं आहे असं विचारलं.

अस्वलकाकांनी एका वेलीवर टांगलेला पडदा ओढला. आत उंबराचा फोटो होता, छान चौकटीत बसवलेला. त्यांनी तो मुंगूसरावांच्या हाती दिला. टाळ्या झाल्या. मुंगूसरावांना रडू आलं, आणि ते आनंदाचं असावं असं समजून पुन्हा टाळ्या झाल्या.

ते माळावर घरी आले. मुंगूसबाई ताक करत होत्या. पाकोळीचं जुनं इंजिन त्यांनी दगडांवर बसवून त्याला रवी जोडली होती. ते अजून एका हिसक्यात सुरू होई आणि शिवणयंत्रासारखं टिकटिक करी. मुंगूसराव त्याच्याजवळ बसले. बराच वेळ बसले. बाईंनी त्यांना वाटीभर ताक दिलं. फोटो कुठं लावायचा, असं मुंगूसरावांनी विचारलं. माळावर भिंत नव्हती. म्हणून तो एका दगडाला टेकवून उभा केला.

दुपारी ऊन चढलं की पिल्लं त्या फोटोच्या सावलीत बसतात. चौकट लहान आहे. एका वेळी एकच मावतं, म्हणून ती पाळीपाळीनं बसतात.

तात्पर्य : गाडी वळत नसेल तर गाडीत खोट काढू नये, वळण काढून टाकावं. बक्षिसाची चौकट मात्र आधीच जरा मोठी मागून घ्यावी.