रंध्याच्या मुठीतला खळगा

कितीही गंजलेली वस्तू असो, तिला माणसांत आणल्याशिवाय आपण सोडत नाही, असं गंजकाका छातीठोकपणे सांगत. हे नाव त्यांना इमारतीतल्या लोकांनी चेष्टेने दिलं होतं आणि त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं सहायक म्हणून काढली, निवृत्त झाले आणि जुन्या हत्यारांच्या नादी लागले. भंगारवाल्याकडून करवती, पटाश्या, पाने, पकडी आणायच्या, गंज उतरवायचा, मुठींना पॉलिश करायचं आणि सगळं दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात मांडायचं. त्या कपाटात पूर्वी काकूंचे चिनी मातीचे कप होते. ते आता पलंगाखाली राहत आणि काकू अधूनमधून त्यांना भेटून येत.

"या हत्यारांनी तुम्ही करता काय?" काकूंनी एकदा विचारलं.

"त्यांनी काही करायचं नसतं. त्यांना जपायचं असतं."

"म्हणजे अगदी तुमच्यासारखंच," काकू म्हणाल्या.

काकूंचे थोरले भाऊ, ज्यांना सगळेच दादा म्हणत, जन्मभर सुतारकाम केलेले. दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले आणि काम सुटलं. त्यांची हत्यारांची पेटी खिडकीखाली असायची. गंजकाका त्यांच्याकडे गेले की गप्पा दादांशी आणि नजर पेटीवर. एका रविवारी दादाच म्हणाले, "दाजी, झाकणाची बिजागरी अडकते हो. तेवढी सैल करून द्याल का? बाकी कशाला हात लावू नका."

"बिजागरी ना? दहा मिनिटांचं काम. घरी नेतो, आठ दिवसांत परत आणतो."

दहा मिनिटांच्या कामाला आठ दिवस कशाला, हे दादांनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

घरी आल्यावर काकांनी झाकण कसंबसं उघडलं आणि त्यांचा जीव हरखला. सागवानी रंधा, सहा पटाश्या, काटकोन तपासायचा गुण्या, दोन करवती, हातानं फिरवायचं गिरमिट. सगळ्यांवर वर्षानुवर्षांचा काळपट थर. येत्या रविवारी दादांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. पेटी नव्यासारखी करून त्या दिवशी समोर ठेवायची, दादांच्या डोळ्यांत पाणी आणायचं, असं काकांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"दादाने बिजागरीच सांगितली होती ना?" काकू म्हणाल्या.

"माणूस खोकला घेऊन डॉक्टरकडे जातो, म्हणून डॉक्टर काय फक्त घसाच बघतो?"

काका वीस बाटल्या व्हिनेगर घेऊन आले. दुकानदाराने "हॉटेल काढताय का?" असं विचारलं, तेव्हा नुसते गूढ हसले. न्हाणीघरातल्या टबात सगळं लोखंड बुडलं. काकू अंघोळीला शेजारी जाऊ लागल्या. तिसऱ्या दिवशी आंबूस वास जिन्यात पोहोचला आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गॅस गळतोय म्हणून फोन केला. गॅसवाला मेकॅनिक आला. त्याने स्वयंपाकघरातला कानाकोपरा हुंगला, शेगडी उलटी करून पाहिली आणि शेवटी न्हाणीघराचं दार उघडलं.

"हे काय शिजतंय?" त्याने विचारलं.

"पटाश्या," काका म्हणाले.

मेकॅनिकने काकूंकडे सहानुभूतीने पाहिलं आणि तो निघून गेला. इमारतीत आठवडाभर तेवढाच विषय पुरला.

लोखंड चकचकीत झालं. मग काका लाकडाकडे वळले. रंध्याची मूठ हातात घेतल्यावर त्यांना तिच्या कडेला एक खळगा दिसला. बोटाच्या टोकाएवढा, वेडावाकडा.

"उंदरानं कुरतडलंय बघ," ते काकूंना म्हणाले. "इतकी वर्षं बिचाऱ्यानं तशीच वापरली."

त्यांनी लाकडाचा भुसा आणि सरस कालवून तो खळगा बुजवला. वाळल्यावर घासला. इतका सफाईने की तो कुठे होता हे त्यांचं त्यांनाही सापडेना. वरून पॉलिशचे तीन हात. रंध्यात आरशासारखं तोंड दिसायला लागलं आणि काकांनी ते बराच वेळ पाहिलं.

रविवारी दादांच्या घरी माणसं जमली होती. मुली, जावई, नातवंडं. काकांनी पेटी टेबलावर ठेवली, छोटंसं भाषण केलं आणि झाकण उचललं. झाकण अर्ध्यावर अडकलं. बिजागरी तेवढी राहूनच गेली होती. थोरल्या जावयाने जोर लावला, कर्रकन आवाज झाला आणि सगळे हसले. पण आतलं पाहिल्यावर मुली म्हणाल्या, "अगंबाई, हे तर दुकानातल्यासारखं झालंय."

दादांनी रंधा उचलला. उजव्या हातात मूठ धरली, सोडली, पुन्हा धरली. त्यांचं बोट मुठीच्या कडेवरून काहीतरी शोधत खालीवर फिरलं. मग त्यांनी रंधा अलगद पेटीत ठेवला.

"छान झालंय," ते म्हणाले. "फार मेहनत घेतलीत, दाजी."

डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. काकांना थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण पुरुषमाणूस, चारचौघांत कसा रडेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि दोनदा जेवले.

पंधरा दिवसांनी काकूंबरोबर ते पुन्हा गेले. दादा आत झोपले होते. पेटी खिडकीखाली नव्हती, माळ्यावर गेली होती.

"वर का ठेवली?" काकांनी वहिनींना विचारलं.

वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "आता काढत नाहीत ती. आधी रोज दुपारी रंधा घेऊन बसायचे. चालवायचे नाहीत, नुसता धरायचे. धरला की हात थांबायचा त्यांचा."

"मग आता?"

"आता बोट बसत नाही म्हणाले." वहिनींनी उजव्या हाताची तर्जनी दुमडून दाखवली. "यांच्या या बोटाचं वरचं पेर नाही ना. चाळिशीत यंत्राच्या करवतीत गेलं. मग मूठ धरता येईना, म्हणून त्यांनी चाकूनं तिथे खळगा केला. तीस वर्षं त्यात बोट बसवून काम केलं. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते. मीच सांगून बसले."

इतकी वर्षं काका त्यांच्या शेजारी बसून जेवले होते. ते बोट त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं. पेटीच पाहिली होती. ते उठले आणि माळ्यापर्यंत हात पोचायला स्टूल शोधू लागले.

दादा उठून बाहेर आले तेव्हा काका माळ्यावरून पेटी उतरवून बसले होते.

"दादा, चुकलं माझं. तुम्ही एक सांगितलंत, मी भलतंच केलं."

दादांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी भाजीकडे.

"जाऊ द्या हो," दादा म्हणाले. "उंदराचं काम वाटलं असेल तुम्हाला."

ते बरोबर ओळखल्यामुळे काका आणखीच ओशाळले. "सांगा, कुठे होता? मी पुन्हा करतो."

दादांनी बोट टेकवलं, काकांनी पेन्सिलीने खूण केली. बोट थरथरत होतं, त्यामुळे खूण करायच्या आत सरकायचं. पाच खुणा झाल्या, पाच ठिकाणी. काकांनी मधली धरून कोरायला सुरुवात केली. कोरून झाल्यावर दादांनी मूठ धरून पाहिली. हात थांबला नाही. काकांनी आणखी कोरलं. तरी नाही.

"राहू द्या," दादा म्हणाले. "कोरल्यानं फक्त सुरुवात होते. पुढचं बोटानं झिजून झालं होतं."

"मग काय करायचं?"

"रोज चालवायचा. तीस वर्षांत होईल."

काका त्रेसष्ट वर्षांचे होते. त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली आणि दादांचीही केली, मग ती तिथेच सोडून दिली.

दादांनी कोपऱ्यातली एक फळी टेबलावर ठेवायला सांगितली. "बघू, चालवा तर खरं."

कपाटात अकरा रंधे बाळगून असलेल्या गंजकाकांनी आयुष्यात प्रथमच एक रंधा लाकडावर ठेवला आणि सगळा जोर लावून पुढे ढकलला. तो चार बोटं गेला आणि फळीत रुतून बसला.

"उलट्या बाजूनं ढकलताय, दाजी," दादा हळूच म्हणाले.